बंदुकीचा बार ठेवायचा की काढायचा, ते त्याला विचारा

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था आहे आणि मी दिग्दर्शिका. नवं दोन अंकी कौटुंबिक नाटक बसवतेय, प्रयोगाला तीन महिने आहेत. आमच्या एका कलाकाराचा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, वय 22. तो रोज तालमीला येतो आणि लाइट्सवाल्याच्या शेजारी बसतो. बोलतो मोजकंच, पण प्रकाशाचे सगळे क्यू, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला दिवा बदलायचा ते, त्याला पाठ आहेत. परवा आमच्या माणसाचा एक क्यू चुकला, तोही त्यानंच दाखवून दिला. गेल्या आठवड्यात दुसऱ्या अंकातला, नाटकातल्या थोरल्या भावाच्या आत्महत्येचा बंदुकीचा बार पहिल्यांदा साउंडवर वाजवला, तर कान दाबून तो जो बाहेर पळाला, तो तासभर आत आला नाही. त्यावरून सुचलं, की 2 एप्रिलला, ऑटिझम दिनाला, ऑटिस्टिक मुलांसाठी एक खास मोफत प्रयोग करावा. भीतीचे प्रसंग गाळून, तासाभरात संपणारा. शेवटी त्यालाही रंगमंचावर बोलावून सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, म्हणजे त्याला बरं वाटेल. पण आमच्यात दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, प्रेक्षक उठबस करू लागले, मध्येच ओरडले, तर अभिनय करायचा कसा? आणि बार, गडगडाट, अंधार हे सगळं काढलं तर नाटकात उरतं काय? काय बदलू आणि काय ठेवू?
– एक दिग्दर्शिका

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. चुकलेला क्यू त्या तरुणानं पकडला. तालमीला नुसतं बसून जो माणूस अख्खा क्यू-शीट डोक्यात ठेवतो, त्याच्यासाठी तुमच्या मनात आलेली जागा कोणती, तर शेवटी रंगमंचावर येऊन टाळ्या घेण्याची. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण एका बारानं जो तासभर बाहेर राहिला, त्याच्या अंगावर भरलेल्या प्रेक्षागृहाच्या टाळ्या सोडायच्या, आणि त्याही त्यानं काय केलं म्हणून? तो कल्पनेतला प्रसंग पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणून बघा. त्यात बरं नक्की कोणाला वाटतंय?

तेव्हा टाळ्यांचा तो कार्यक्रम रद्द करा. खास मोफत प्रयोगही मला पटलेला नाही. प्रयोग जरूर करा, पण तासाभराचा, मऊ केलेला, फुकट आणि वर्षातून एका दिवसापुरता नको. 2 एप्रिल हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी ठरवला आणि 2008 पासून तो पाळला जातो, ते ठीकच आहे. मात्र ऑटिस्टिक माणसांना नाटक बघावंसं वाटतं ते उरलेल्या दिवसांतही. शिवाय तुम्ही ‘मुलं’ लिहिलंय. मुलं मोठी होतात. तुमच्या तालमीला येणारा 22 वर्षांचा आहे, आणि ज्यांना चाळिशी-पन्नाशीत निदान कळलं अशी माणसंही आहेत. त्यांना तुमचं कौटुंबिक नाटक अख्खंच बघायचं असेल, आत्महत्येच्या प्रसंगासकट.

दुसरीकडे हे कसं झालं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तुम्हाला सगळं नव्यानं शोधायला नको. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पहिला ऑटिझम-स्नेही प्रयोग 2 ऑक्टोबर 2011 ला झाला, ‘द लायन किंग’चा. थिएटर डेव्हलपमेंट फंड या संस्थेनं अख्खा प्रयोग विकत घेतला आणि सवलतीत तिकिटं लावून कुटुंबांना विकला. नाटक कापलं नाही. दचकवणारे आवाज उतरवले, प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येणारा प्रकाश आवरला, बाहेर शांत जागा ठेवली आणि काय होणार याची माहिती लोकांना आधीच दिली. ब्रिटनमध्ये अशा प्रयोगांना ‘रिलॅक्स्ड परफॉर्मन्स’ म्हणतात. तिथलं बॅटरसी आर्ट्स सेंटर 2020 मध्ये एक पाऊल पुढे गेलं आणि ही मोकळीक एखाद्या प्रयोगापुरती न ठेवता सगळ्या वास्तूचा रिवाजच करून टाकला.

वेगळं काढण्याला माझा आक्षेप का, ते जेस थॉम यांच्या अनुभवावरून कळेल. त्यांना टुरेट सिंड्रोम आहे, म्हणजे शब्द आणि हालचाली त्यांच्या इच्छेविना होतात. 2011 मध्ये त्या एक कार्यक्रम बघायला गेल्या होत्या. प्रेक्षकांनी तक्रार केली आणि मध्यंतरात त्यांना साउंड बूथमध्ये जाऊन बसायला सांगण्यात आलं. पुन्हा थिएटरची पायरी चढायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की थिएटरात एकच जागा अशी आहे जिथून आपल्याला कोणी उठवणार नाही, ती म्हणजे रंगमंच. 2014 मध्ये त्यांनी स्वतःचा प्रयोग एडिनबरोच्या नाट्यमहोत्सवात नेला. थॉम ऑटिझमच्या नव्हे, टुरेटच्या अनुभवातून बोलतात, पण प्रेक्षागृहाबाहेर काढलं जाण्याचा अपमान दोन्हीकडे सारखाच आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, काय काढायचं आणि काय ठेवायचं. गोंगाट फक्त आवाजाच्या पातळीनं होतो असं समजून बहुतेक मंडळी फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढतात आणि काम झालं म्हणतात. पातळी महत्त्वाची आहेच. 10 डेसिबल उतरवले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, त्यामुळे बार बराच उतरवूनही तो बारच राहील. पण त्या दिवशी तो पळाला त्यात आकस्मिकपणाचाही वाटा असणार. तोवरच्या साऱ्या तालमींत त्या जागी कोणीतरी तोंडानं ‘ठो’ म्हणत असेल, आणि त्या दिवशी न सांगता स्पीकरमधून खरा आवाज आला. ज्याला सगळा क्रम पाठ आहे, त्याचा क्रमच तुम्ही मोडलात. म्हणून बार काढण्याआधी तो सांगून वाजवून बघा. काही ठिकाणी रंगमंचाच्या कडेला एक छोटा दिवा ठेवतात. मोठा आवाज येण्याआधी तो पेटतो आणि आवाज संपला की विझतो. ज्यांना कान झाकायचे ते झाकतात, बाकीच्यांच्या तो लक्षातही येत नाही.

प्रत्येक आवाज, प्रत्येक अंधार यांना एकच प्रश्न विचारा: हा नाटकाचं काम करतोय की नुसता दचकवतोय? दोन प्रवेशांमध्ये सामान हलवायला जो पूर्ण ब्लॅकआऊट घेता, तो नाटकाचं कुठलंही काम करत नाही; निळ्या मंद प्रकाशात सामान हलवा, काही बिघडत नाही. वादळाचा गडगडाट खालच्या सुरांतला असतो, तो कानांपेक्षा छातीवर आणि खुर्चीतून जाणवतो. सबवूफर (हे खालचे सूर वाजवणारा स्पीकर) कमी करा, वादळ तसंच राहील. स्ट्रोब, म्हणजे झपाझप उघडझाप करणारा दिवा, असेल तर मात्र काढाच. ऑटिस्टिक लोकांमध्ये अपस्माराचं (फिट्स येण्याचं) प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, आणि सेकंदाला साधारण 3 ते 30 वेळा होणारी उघडझाप झटका आणू शकते. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण विझवू नका, एक चतुर्थांशावर ठेवा. तेवढ्यात दार कुठे आहे ते दिसतं, आणि दार दिसत असलं की बसून राहणं सोपं जातं.

आणि हो, काहींना उलटंही लागतं. संवेदना कमी पोचणारी ऑटिस्टिक माणसंही आहेत, त्यांना मोठा आवाज आणि भगभगीत रंग हवे असतात. एकाच माणसाला ड्रिलचा आवाज चालतो आणि चमचा ताटलीवर घासल्याचा चालत नाही, असंही असतं. त्यामुळे सगळ्यांना मानवेल असा गुळमुळीत प्रयोग बनवण्याच्या मागे लागू नका. तसा तो होतच नाही. आधी सांगा, आणि उठून जायची व परत यायची वाट मोकळी ठेवा. एवढ्या दोन गोष्टी नीट सांभाळल्यात तर बाकीच्या चुका लोक पोटात घालतील.

आधी सांगायचं कसं, यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक संस्था इथेच आळस करतात. एक चित्रकथा बनवा: खऱ्या जागेचे खरे फोटो आणि प्रत्येकाखाली दोन-तीन साधी वाक्यं. बाहेरचा दरवाजा. तिकीट तपासणारी व्यक्ती, तिच्या त्या दिवशीच्या कपड्यांत. जिना. खुर्च्या. स्वच्छतागृह, आणि तिथे हात वाळवायचं यंत्र असेल तर ते गरजतं हेसुद्धा. (पूर्ण प्रयोग शांतपणे बघून त्या यंत्राच्या आवाजानं कोलमडलेली माणसं आहेत. ते यंत्र त्या दिवशी बंद करून कागदी रुमाल ठेवले तर उत्तमच.) मग प्रत्येक पात्राचा फोटो दोनदा: एकदा साध्या कपड्यांत, एकदा रंगभूषा आणि वेशभूषेसह. आणि मग नाटक. तुमच्या बाराचं पान असं काहीसं होईल: ‘दुसरा अंक सुरू होऊन 25 मिनिटं झाली की थोरला भाऊ कपाट उघडतो. तो बंदूक काढून टेबलावर ठेवतो. बाजूचा पिवळा दिवा लागतो. मग एक मोठा आवाज होतो. एकदाच होतो. बंदूक खोटी आहे. थोरल्या भावाचं काम करणारा कलाकार नाटक संपल्यावर पुन्हा येतो आणि वाकून नमस्कार करतो.’

यात गोष्ट आधीच फुटते, असं तुमच्यातलं कोणीतरी नक्की म्हणेल. फुटू दे. शेवट माहीत असलेलं नाटक लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बघतात, ते काय उगाच? ‘थोरला भाऊ जाताना खिडकी उघडी ठेवतो, आणि मग पहिल्या अंकातली खिडकी आठवते,’ असं सांगणारा प्रेक्षक तुम्हाला याच प्रयोगात भेटण्याची शक्यता जास्त आहे.

प्रयोगाआधी पाच मिनिटं कलाकारांनी पडद्यापुढे येऊन आपलं नाव, पात्राचं नाव सांगावं, आपलं सगळ्यात भीतीदायक वाक्य म्हणून दाखवावं. मुखवटा असेल तर तो तिथेच घालून, काढून दाखवावा. जागा पूर्ण विकू नका, मध्ये मध्ये खुर्च्या रिकाम्या सोडा. परक्या माणसाचा कोपर लागत राहिला तर नाटकात लक्ष राहत नाही. प्रेक्षागृहाबाहेरच्या फॉयरच्या एका टोकाला शांत खोली ठेवा. तिथली ट्यूबलाइट गुणगुणत असेल तर ती बंद करून साधा टेबल लॅम्प लावा. खोलीच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकाला एकच सूचना: कोणी आलं तर ‘काय झालं?’ विचारायचं नाही. बोलायला अवघड होऊन बसलेल्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक काम टाकणं.

आता अभिनय कसा करायचा म्हणणाऱ्यांबद्दल. त्यांची भीती खरी आहे, तिची टर उडवू नका. उपायही तालमीतलाच आहे. रंगीत तालमीच्या आधी एक तालीम अशी घ्या, की संस्थेतली बाकी मंडळी प्रेक्षागृहात फिरतील, गुणगुणतील, एखादं वाक्य मोठ्यानं परत म्हणतील, भलत्याच जागी हसतील, उठून जाऊन परत येतील. पहिली दहा मिनिटं कलाकार चिडतील, नंतर त्यांना ते पेलायला लागेल. त्यांना हेही कळू द्या, की जो माणूस खुर्चीत डोलतोय, बोटं हलवतोय, रंगमंचाकडे न बघता छताकडे बघतोय, तो बहुधा तुमचं नाटक ऐकतोय. कदाचित पहिल्या रांगेत ताठ बसून फोनची वाट बघणाऱ्यापेक्षा जास्त मन लावून. 2015 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘द किंग अँड आय’च्या एका प्रयोगात, ऐन ताणाच्या प्रसंगी एक ऑटिस्टिक मूल ओरडलं आणि आसपासच्या प्रेक्षकांनी त्याच्या आईला धारेवर धरलं. त्या प्रयोगात काम करणारे केल्विन मून लो यांनी नंतर जाहीरपणे आईची बाजू घेतली: नाटकानं लोकांना जवळ आणायचं, आणि आपण मूल घेऊन आलेल्या बाईला हाकलतोय. व्यत्यय ज्याच्या कामात आला, त्या नटाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती तिकीट काढून बसलेल्यांची.

त्या तिकीटवाल्यांचा बंदोबस्त सोपा आहे. जाहिरातीत स्पष्ट लिहा, की या प्रयोगाला उठबस आणि आवाज चालेल, दिवे थोडे लागलेले असतील. ज्यांना नको ते दुसऱ्या दिवशी येतील. आणि बघा, तान्ही बाळं असलेले, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या वडिलांना घेऊन येणारे, तासभर सलग बसवत नाही म्हणून नाटक सोडलेले, असे कितीजण याच प्रयोगाचं तिकीट काढतात ते. एक विनंती: निवेदकाला शेवटी ‘जोरदार टाळ्या’ मागू देऊ नका. हात हवेत हलवूनही दाद देता येते, हे आधीच सांगून ठेवा.

आता परत त्या तरुणाकडे. प्रेक्षागृह कसंही सजवलं, तरी नाटक करणारे तेच आणि बघायला बोलावलेले हे, एवढ्यावर थांबलात तर अर्धंच काम झालं. ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ हे नाटक लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 2012 मध्ये आलं. प्रमुख पात्राकडे ऑटिस्टिक मुलगा म्हणूनच बघितलं गेलं, आणि त्याच्या डोक्यातला कोलाहल दाखवायला आवाज-प्रकाशाचा असा मारा, की ज्यांची ती गोष्ट त्यातल्या अनेकांना ते नाटक बसून बघणंच कठीण. ती भूमिका वर्षानुवर्षं ऑटिस्टिक नसलेल्या नटांनी केली. 2017 मध्ये अमेरिकेत मिकी रो या उघडपणे ऑटिस्टिक नटाला ती मिळाली. 2023 च्या डिसेंबरमध्ये ब्रॉडवेवर ‘हाउ टू डान्स इन ओहायो’ आलं, त्यात सात ऑटिस्टिक पात्रं सात ऑटिस्टिक कलाकारांनी केली. ही इतकी साधी गोष्ट घडायला इतका वेळ लागला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

तुमच्याकडे तो रंगमंचावर यायला हवा असं नाही. त्याचं मन दिव्यांत आहे. त्याला विचारा, पण विचारायची रीत बदला. तालीम संपल्यावर सगळ्यांच्या गराड्यात ‘काय रे, करशील का लाइट्स?’ असं नको. लिहून द्या: ‘सहायक प्रकाश संचालक हवा आहे. काम हे. वेळ ही. पैसे इतके. लाइट्सवाल्या काकांबरोबर बसून करायचं. उत्तर पुढच्या आठवड्यापर्यंत, लिहून किंवा भावामार्फत. नको म्हटलंस तरी तालमीला येत राहा.’ आणि खाली वेगळा प्रश्न: ‘बंदुकीच्या आवाजाचं काय करायचं? तसाच ठेवू, कमी करू, आधी दिवा दाखवू, की काढू?’ चारही उत्तरं खरोखर मान्य असतील तरच विचारा. पैशाचं मुद्दाम लिहिलं. लाइट्सवाल्याला मानधन देत असाल तर यालाही द्या. ‘त्याला आवड आहे’ हे फुकट राबवून घ्यायचं कारण होत नाही.

तो हो म्हणाला तर तुमची तालमीतली भाषा थोडी बदलावी लागेल, आणि तिचा फायदा सगळ्यांनाच होईल. ‘जरा ऊब आण प्रकाशात’ म्हणजे नक्की काय? ‘अंबर (पिवळसर) दिवा वीस टक्के वाढव, पाच सेकंदांत’ असं सांगा. वेळापत्रक बदललं तर आदल्या दिवशी कळवा. नोट्स तोंडी झाल्यावर लिहूनही द्या. तो उत्तर द्यायला वेळ घेईल; मधली शांतता तुम्ही भरू नका. डोळ्यांत बघून बोल असा आग्रह नको, आणि सुरुवातीचा हात धरून गोल करण्याचा खेळ ऐच्छिक ठेवा. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये मांडलंय, की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळायला जड जातं तितकंच इतरांनाही त्याचं. तो कान दाबून पळाला तेव्हा तुम्हाला वाटलं तो घाबरला. वेदना झाली असेल, रागही आला असेल. तुम्ही विचारलं नाहीत, असं पत्रावरून दिसतं.

एक धोका मात्र टाळा. तो ऑटिस्टिक आहे म्हणून ‘सुलभता प्रमुख’ हे पद त्याच्या गळ्यात मारू नका. त्याला दिवे हवेत, समिती नको. आणि त्याच्या एकट्याच्या आवडीनिवडीवरून सगळ्यांचं ठरवूही नका. त्यापेक्षा रंगीत तालमीला तीन-चार ऑटिस्टिक प्रौढांना, प्रवासखर्च आणि मानधन देऊन, परीक्षक म्हणून बोलवा. कुठे खुपलं ते त्यांनी हात वर करून, चिठ्ठीवर, जमेल तसं सांगावं. त्यांनी सांगितलेलं सगळं तुम्ही बदलाल असं नाही, पण न बदललेल्याचं कारण त्यांना सांगायला हवं.

वेळेचा हिशेब असा बघा: चित्रकथेसाठी प्रत्यक्ष थिएटरात फोटो काढावे लागतील, आणि तिकीटविक्री सुरू होईल त्या दिवशी ती लोकांच्या हातात हवी. म्हणजे वेशभूषा आणि बंदुकीच्या बाराचा निर्णय महिन्याभरात पक्का व्हायला हवा. थिएटरकडून फोटोंसाठी एक सकाळ आजच मागून घ्या, आणि त्या सकाळी फोटो काढताना त्याला सोबत न्या. कुठला दिवा कुठून दिसतो हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत असेल.